उपग्रह हलवून बघायचा कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

कॉलेजच्या पोरांनी उपग्रह बनवला की पेपरात बातमी येते, फोटो येतो आणि फोटोत कायम सोलर पॅनल नाहीतर अँटेना. आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर कोणी एक ओळ लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी कॉलेजात असताना अशाच एका टीममध्ये स्ट्रक्चरचं काम केलंय.

२२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ रॉकेटने एकदम २० उपग्रह नेले, त्यात पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा 'स्वयम्' होता, जेमतेम एक किलोचा, दहा सेंटीमीटरचा डबा. एवढ्याशा डब्याला काय होतंय असं वाटतं, पण त्याच्या जिवावरची वेळ म्हणजे रॉकेटवरची मिनिटं. सुटताना इंजिनाचा आवाज लाँचपॅडवर आपटून उलटा अंगावर येतो, पुढे ध्वनीचा वेग ओलांडताना परत हादरे, आणि त्यातला एखादा हादरा सांगाड्याच्या स्वतःच्या फ्रीक्वेन्सीशी (ज्या लयीत तो आपसूक थरथरतो) जुळला की मग सोल्डर, कनेक्टर, स्क्रू, काय निसटेल सांगता येत नाही.

म्हणून आधी जमिनीवरच शेकर टेबलला (मुद्दाम हादरे देणारं यंत्र) बोल्ट करून तिन्ही अक्षांत हलवतात, आधी साइन, म्हणजे एका वेळी एकाच फ्रीक्वेन्सीचे हादरे, मग रँडम, म्हणजे २० ते २००० हर्ट्झमधले सगळे एकदम. खरी मजा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या हलक्या स्वीपमध्ये असते, म्हणजे हळू हादरे देत फ्रीक्वेन्सी वाढवत न्यायची आणि सांगाडा कुठे जास्त हलतो त्याचा ग्राफ काढायचा, असे दोन ग्राफ एकावर एक ठेवायचे, टोक सरकलं की समजायचं आत काहीतरी ढिलं झालंय. आमचं दुसऱ्या अक्षानंतर सरकलं. उघडलं तर मधल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) स्पेसरचा एक स्क्रू, त्याला थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावायचाच राहिलेला (बसवणारा मीच, असो). कॉम्प्युटर मॉडेलमध्ये आम्ही सगळे सांधे पक्के धरले होते, तिथे हा कधीच सापडला नसता.

पण ह्या दोन दिवसांच्या टेस्टसाठी आम्ही चार महिने थांबलो, जाईल तिथे एकच उत्तर, कंपन्यांची कामं संपली की बघू. अहो, पुण्याच्या आजूबाजूला गाड्यांचे पार्ट हलवून तपासणारी टेबलं आहेत की! कंपन्यांनी वर्षातले दोन-तीन दिवस, रात्रपाळीत का होईना, कॉलेजच्या पोरांना द्यावेत, आणि तुमच्या पेपराने हे त्यांच्या कानावर घालावं एवढीच विनंती. फिक्स्चर, म्हणजे टेबलावर उपग्रह धरून ठेवणारा आधार, पोरं स्वतः बनवून आणतील, फक्त जाड प्लेटचं आणा म्हणून बजावा, पातळ असलं तर उपग्रहाच्या आधी तेच नाचायला लागतं.

– एक माजी विद्यार्थी, पुणे