सुहास, क्लॅरिनेट खाली काढ

एडमंटन,
रविवार रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "मला कुठे नोटेशन येतं? मी कसला कलाकार!" ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या शेजारी एक युक्रेनी आजोबा राहतात. 1891 साली गॅलिसियातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या, नेबिलिव गावचे इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेन्याक जमीन बघायला कॅनडात आले, आणि त्यांच्यामागे गावंच्या गावं आली. एडमंटनच्या पूर्वेला त्यांनी माळरान फोडून गहू पेरला. आजोबा त्यांच्यापैकीच एका घरातले. आठवडाभर शेती आणि शनिवारी लग्नात त्सिंबाली, असं त्यांचं आयुष्य गेलं.

त्सिंबाली म्हणजे आपल्या संतूरची बहीणच. एकेका सुराला चार-चार, पाच-पाच तारा आणि हातात दोन लाकडी काठ्या. आजोबांच्या काठ्यांच्या टोकांना सुती दोरा गुंडाळलेला आहे, घामाने काळा पडलेला. मी एकदा नवा दोरा आणून दिला, तर त्यांनी तो हसून परत केला. म्हणाले, "याचा आवाज माझ्या कानाला ओळखीचा आहे."

गुरू कुणीच नाही. घरी वडिलांच्या जुन्या रेकॉर्डी होत्या. त्यात पावलो हुमेनियुक या व्हायोलिनवाल्याची, न्यूयॉर्कला 1926 साली निघालेली 'युक्रेनी लग्न' होती. तेव्हाचा हा पोरगा बोट टेकवून तबकडी हळू फिरवायचा, एकेक सूर पकडायचा आणि धान्याच्या कोठारात जाऊन तासन्‌तास घोटायचा. सुहास, तूही कॅसेट मागे-पुढे करत असाच शिकलास ना?

पूर्वी लग्नात वाजवणारी मंडळी म्हणजे व्हायोलिन, त्सिंबाली आणि ढोल. पुढे अकॉर्डियन आणि गिटार आली. पाहुणा दारात आला की त्याच्यासाठी मार्च वाजवायचा, मग पोल्का, वॉल्ट्झ, आणि रात्र चढली की कोलोमिय्का हा नाच. कोलोमिया गावावरून पडलेलं नाव. तिच्या गाण्याच्या ओळीत 8 आणि 6 अशी 14 अक्षरं असतात, हे ऐकून मी लगेच बोटांवर मोजायला लागलो, आपल्या अभंगाची मोजतो तशी. सगळे गोल करतात, एकेक जण मध्ये येऊन उड्या घेतो, गिरक्या मारतो. मी विचारलं, "ताल कुणाकडून घेता?" ते म्हणाले, "पायांकडून. दमलेला म्हातारा आत आला तर मी हळू होतो, त्याला कळतही नाही." हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं, सांग बरं!

हिवाळ्यात उणे 30 मध्ये हॉल गाठायचा. वाद्य गोधडीत गुंडाळून पुढच्या सीटवर, आजी मागे. तरी आत गेल्यावर उबेने सगळ्या तारा उतरायच्या, की पुन्हा एकेक जुळवत बसायचं. एका लग्नात यजमानांनी पैसे बुडवले. त्याचा राग नाही, म्हणाले. पण त्या रात्री तीन तारा तुटल्या होत्या, ते मात्र अजून आठवतं.

गेल्या महिन्यात तुझ्याबद्दल सांगितलं त्यांना. वरातीत तू क्लॅरिनेटवर 'मेंदीच्या पानावर' वाजवायला लागलास की बायका घराबाहेर यायच्या, तेही सांगितलं. त्यांनी काठ्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "मग आता का वाजवत नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

माळ्यावरची क्लॅरिनेटची पेटी खाली काढ. रीड वाळली असेल, नवी आण. दोन मिनिटं वाजवून पाठव, कसंही. आजोबा वाट बघतायत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नंदू