घाम न फुटलेला पेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीत मुलांसाठी सुट्टीतला एक प्रयोग आला होता. स्टीलच्या पेल्यात फ्रिजचं गार पाणी घ्या, पाच मिनिटं थांबा, बाहेरून थेंब धरतील. ते हवेतल्या वाफेचं पाणी. आमच्या नातीनं तो राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, मे महिन्यात, दुपारी दोनला, अंगणातल्या कडुलिंबाखाली केला. पेला कोरडा ठणठणीत. तिनं तीनदा पुसून पाहिला आणि मग रडकुंडीला येऊन म्हणाली, "आबाजी, माहं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. प्रयोग लिहिणाऱ्याच्या गावाला समुद्र असावा. मुंबईत मे महिन्यात हवा 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के धरली, तर 26-27 अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही भांड्यावर दव धरतं. आमच्याकडे पारा 43 वर आणि आर्द्रता 10 ते 15 टक्के. या हवेत दव धरायला पेला 5 ते 11 अंशांपर्यंत गार पाहिजे. फ्रिजचं पाणी तापलेल्या स्टीलमध्ये ओतलं की तिथंच त्याचा गारवा थोडा कमी होतो, त्यातून आमचं लोडशेडिंग. फ्रिज तरी किती गार राहणार?

पण हीच कोरडी हवा आमचा माठ चालवते. मातीतून झिरपलेलं पाणी उडून जाताना दर ग्रॅमला सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणजे 200 ग्रॅम पाण्यातलं 2 ग्रॅम उडालं आणि बाहेरची उष्णता आत आली नाही, तर उरलेलं जवळजवळ 6 अंशांनी उतरतं. 43 अंशांच्या तपनीत, एवढ्या कोरड्या हवेत, माठ जास्तीत जास्त 20 ते 22 अंशांपर्यंत उतरू शकतो. प्रत्यक्षात तेवढा जात नाही, आणि जुना तर मुळीच नाही, कारण आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्याची छिद्रं बुजवतो. बाहेरून पांढरी पुटं चढलेला माठ बदलावा, हे आमच्या घरच्या बायकांना भौतिकशास्त्राच्या आधीपासून माहीत आहे. जुलैत हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के झाली की तोच माठ जेमतेम दोन अंश उतरतो. तेव्हा मात्र फ्रिजच्या पाण्याचा पेला नुसता निथळतो!

नातीला एवढं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पण पटलं नसावं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन सारखे पेले भरले. एक कडुलिंबाखाली ठेवला, दुसरा आतल्या खोलीत, खस भिजवून लावलेल्या कूलरसमोर. थोड्या वेळानं आतल्याला घाम फुटला, बाहेरचा कोरडाच. कूलर खोलीत वाफच सोडत असतो, हे मी तीस वर्षं विज्ञान शिकवूनही तिला सांगायचं विसरलो होतो.

आमच्या भागातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पोट्ट्यांच्या हाती वेळ भरपूर असतो. तेव्हा पुढच्या वेळी असा प्रयोग छापताना हवा कुठली आणि महिना कोणता, एवढं लिहावं. सोबत नातीच्या वहीचं पान जोडलं आहे. तिनं दोन्ही पेल्यांची चित्रं काढलीत. एकावरचे थेंब मोजून 41 काढलेत, म्हणून ते पान कापू नये ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ