मात्रा आणि फ्रेम यांचा हिशेब

महोदय,

व्हिडिओ कलेच्या कार्यशाळांत संगीत बहुधा शेवटी येतं. चित्र तयार झालं की खाली एखादी धून घालतात. या कलेच्या सुरुवातीला मात्र वाजवणारेच पुढे होते. कोरियन कलावंत नाम जून पाइक यांनी टोकियोत संगीतकार शोएनबर्गवर प्रबंध लिहिला आणि पुढे टीव्ही संच हाताशी धरले. आइसलँडच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनवादक स्टेना वासुल्का १९६५ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. त्यांनी पुढे व्हायोलिनचा आवाज थेट चित्रयंत्रात सोडला आणि गज फिरेल तशा पडद्यावरच्या रेषा हलू लागल्या.

आज हे लॅपटॉपवर जमतं, पण आवाज तसाच्या तसा चित्राला जोडला तर चित्र नुसतं थरथरतं. आवाजाची पातळी आधी सावकाश करून घ्यावी लागते: चढ साधारण १० मिलिसेकंदांत, उतार २००–३०० मध्ये. तानपुरा सतत वाजत असतो, त्यामुळे एकाच माइकवर काम केलं तर चित्र कायम उजळलेलंच राहतं. डग्ग्याला वेगळा माइक द्यावा आणि त्याचे फक्त खालचे स्वर चित्राकडे पाठवावेत.

खरी फजिती लयीत होते. सेकंदाला २५ फ्रेम (चित्रणातली एकेक स्थिर चित्रं) असताना मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा साडेबारा फ्रेमची होते. अर्धी फ्रेम कापता येत नाही. दर वेळी १२ वर कापलं, तर तीनतालाच्या सोळा मात्रांच्या एका आवर्तनात ८ फ्रेम, म्हणजे ०.३२ सेकंद, चित्र समेच्या (पहिल्या मात्रेच्या) आधीच येऊन उभं राहतं. तबलजीच्या कानाला हे पहिल्याच आवर्तनात खटकतं. म्हणून लय १०० (१५ फ्रेम) किंवा १२५ (१२ फ्रेम) धरावी. फोनवर ३० फ्रेमने टिपलं असेल तर काम ३० वरच ठेवावं, तिथे १२० ची मात्रा नेमकी १५ फ्रेमची होते. मैफलीतली लय चढत जाते, तिथे हा हिशेब लागू नाही; सम ऐकून हातानेच खुणा कराव्यात.

बरेच फोन चित्रणात फ्रेमचा वेग कमीजास्त करतात आणि लांब चित्रणात आवाज हळूहळू सरकतो. संपादनाआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून वेग स्थिर करून घ्यावा. आवाजाचा दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, सगळीकडे ४८ किलोहर्ट्झच हवा. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली, तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने (सेमिटोनने) चढतो. काळी चारचं गाणं मग कुठल्याच पट्टीत बसत नाही.

प्रोजेक्टर चित्र थोडं उशिरा दाखवतो. सभागृहात टाळीची चाचणी घेऊन आवाज तेवढाच उशिरा सोडावा लागतो आणि त्यासाठी कलाकाराला आधी वेळ मिळायला हवा. महोत्सव आणि स्पर्धांच्या आयोजकांनी नियमपत्रकात फ्रेमचा वेग व आवाजाचा दर छापावा आणि प्रत्येक कलाकाराला अर्धा तास चाचणी द्यावी, ही विनंती.

आपला,
एक संगीत-शिक्षक, पुणे