पासवर्ड न मागणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

वयाने तुम्ही माझ्याहून लहान, तरी ताईच म्हणते. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही हे मला माहीत आहे. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. हाताने वस्तू बनवून ऑनलाइन विकणाऱ्या कितीतरी जणी मला विचारतात, की या एसईओवाल्यांवर, म्हणजे गूगलच्या शोधात दुकान वर आणून देतो म्हणणाऱ्यांवर, विश्वास ठेवावा का. त्यांना तुमच्याबद्दल कळायला हवं.

तुमच्या आधी ज्यांनी माझं काम घेतलं होतं, त्यांच्याबद्दल बोलताना अजूनही माझा आवाज चढतो. ‘गूगलवर पहिला नंबर, हमखास’ ही त्यांची सुरुवात. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय, हे मला तुमच्याकडून कळलं. त्यांना ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. गूगलला दुकान महत्त्वाचं वाटावं म्हणून माझ्या क्रोशाच्या खेळण्यांच्या दुकानाला त्यांनी कर्जाच्या आणि जुगाराच्या वेबसाइटवरून लिंक विकत आणून जोडल्या. इन्स्टाग्रामवर फॉलोअर्सचा आकडा फुगला, पण त्यांतल्या एकानेही कधी ‘हा ससा केवढा आहे हो?’ असं विचारलं नाही. वस्तूंच्या वर्णनात तेच तेच शब्द इतके कोंबले, की वाचणाऱ्याला धाप लागावी. हे सगळं मी एकवेळ विसरेन. पण माझ्याच दुकानाची आकडेवारी मला दाखवा म्हटल्यावर जे उत्तर मिळालं, ते विसरणार नाही: ‘मॅडम, तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही.’ प्रत्येक खातं त्यांच्या नावावर होतं. राबायचं मी, आणि किल्ल्या त्यांच्या कमरेला.

तुमच्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा मी सवयीने पासवर्ड सांगायला लागले आणि तुम्ही मला मध्येच थांबवलंत. म्हणालात, ‘तो मला सांगू नका. कुणालाच सांगू नका. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली वेबसाइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, मालक म्हणून तुमचं नाव हवं. मला फक्त बघण्यापुरती परवानगी द्या, आणि काम संपलं की तीही काढून टाका.’

तुमच्या तोंडी हे वाक्य रोजचं असेल. माझ्यासाठी ते नवीन होतं. येतानाच स्वतःच्या जाण्याची सोय करून ठेवणारं माणूस मी या धंद्यात पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही गृहीत धरलं होतंत, की हे दुकान मला समजेल, मी ते सांभाळेन, आणि तुमच्याशिवाय ते चालायला हवं. आधीच्या लोकांनी मला जे सांगितलं होतं, त्याच्या हे अगदी उलट होतं, आणि त्यासाठी तुम्ही कसलं भाषण दिलं नाहीत, धीर दिला नाहीत, फक्त पासवर्ड घ्यायचं नाकारलंत. वेबसाइट माझी असल्यामुळे मालकी सिद्ध करणं मला सहज शक्य होतं, ही साधी गोष्टही तोवर कुणी बोललं नव्हतं. सर्च कन्सोलमध्ये कुणाला काय परवानगी आहे त्या यादीत माझ्या ईमेलसमोर ‘मालक’ हा शब्द उमटला, तेव्हा मी तो घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. काम झाल्यावर तुमचं नाव काढायला माझा हात धजेना, तर तुम्हीच आठवण केलीत. असा आग्रह धरायला मन मोठं लागतं, ताई.

मग तुम्ही मला त्या आकडेवारीतलं माझं आवडतं पान दाखवलंत: लोक काय टाइप करून माझ्यापर्यंत पोहोचतात त्याची यादी. सर्च कन्सोल फुकट आहे आणि मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दाखवतं, तरी मी ते पहिल्यांदाच पाहत होते. एजन्सीवाले त्याला कीवर्ड म्हणायचे आणि मला वाटायचं, काहीतरी गणित असेल. तिथे होत्या माणसांच्या काळज्या. ‘बाळाला टोचणार नाही असं ब्लँकेट’. ‘मशीनमध्ये धुता येणारी क्रोशाची खेळणी’. ‘डोळे निघणार नाहीत असं विणलेलं अस्वल’. त्या शेवटच्या ओळीवर मी थबकले. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना मी प्लॅस्टिकचे डोळे कधीच लावत नाही, धाग्याने भरते, कारण सुटा झालेला बारीक तुकडा घशात अडकू शकतो. ही काळजी मी वर्षानुवर्षं घेत आलेय आणि माझ्या दुकानाच्या एकाही पानावर ती लिहिलेली नव्हती. होतं ते ‘उत्तम हस्तनिर्मित क्रोशे’ दहा वेळा. तुम्ही म्हणालात, ‘कुणीतरी आई हे रात्री शोधतेय. तिला उत्तर द्या. बाकी गूगलचं गूगल बघून घेईल.’

त्यानंतर मी प्रत्येक पान नव्याने लिहिलं. सूत कुठल्या जातीचं, रंग जातो का, धुताना काय जपायचं, वस्तू तळहाताएवढी की उशीएवढी. खेळण्यांना मी लाडाची नावं ठेवते, ती तुम्ही पुसू दिली नाहीत याचंही मला फार बरं वाटलं. शीर्षकात आधी ती वस्तू काय आहे ते सरळ शब्दांत, आणि मग तिचं लाडकं नाव. असं नेमकं शोधणारे मोजकेच असतात, पण ते घ्यायच्याच तयारीने आलेले असतात, हे तुमचं म्हणणं मी आता रोज खरं होताना बघते. ऑर्डरबरोबर लोक लिहितात, ‘हेच शोधत होते.’

फोटोमागे जे न दिसणारं वर्णन लिहायचं असतं, त्याचंही सांगायला हवं. आधीच्या लोकांनी त्या जागेतही विक्रीचे शब्द भरले होते. ती जागा मुळात कुणासाठी आहे हे तुम्ही सांगितलंत: ज्यांना दिसत नाही, ज्यांचा फोन त्यांना पान वाचून दाखवतो, त्यांच्यासाठी. ‘फोटोत काय आहे ते फोनवर कुणाला तरी सांगताय असं समजून लिहा,’ एवढंच तुम्ही म्हणालात. गूगललाही त्यातून फोटो कळतो, दुकानाला फायदा होतो, ते आहेच. पण तुम्ही आधी माणूस सांगितलात आणि मग फायदा. त्या क्रमावरून मला तुमची पारख झाली.

आणि त्या विकतच्या लिंक! मी घाबरून गेले होते. एका तिसऱ्याच माणसाने ‘दुकानावर कारवाई होईल, मी साफ करून देतो’ म्हणून पैसेही मागितले होते. तुम्ही माझ्यासोबत गूगलचं कारवाईचं पान उघडलंत. तिथे माझ्या दुकानाविरुद्ध काही नव्हतं. २०१२ साली गूगलने असल्या लिंकवाल्यांना दणका द्यायला सुरुवात केली आणि २०१६पासून त्या लिंकना शिक्षा करण्यापेक्षा हिशेबातच न धरण्याकडे त्यांचा कल आहे, हे तुम्ही समजावलंत. लिंक नाकारण्याचं साधन आहे, पण कारवाईची सूचना नसताना त्याला हात लावू नका, म्हणालात. म्हणजे या बाबतीत तुम्ही मला काहीच करायला लावलं नाहीत. माझ्या भीतीवर किती दिवसांचं काम उभं करता आलं असतं! ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्याने आपल्या न कळण्याचा फायदा न घेणं, ही गोष्ट लहान नाही. डॉक्टर असो, मेकॅनिक असो की वेबसाइटवाली, चांगलं माणूस मला तिथेच ओळखू येतं.

मी ‘फरक कधी दिसेल?’ म्हणून भंडावून सोडायचे, तेव्हाही तुम्ही खोटी तारीख दिली नाहीत. काही बदल काही तासांत दिसतात, काहींना महिने लागतात, मधे काहीच हललेलं दिसत नाही, असं सांगितलंत. तसंच झालं. आधीच सांगितलेलं असल्यामुळे त्या मधल्या काळात मी कोलमडले नाही.

सोशल मीडियावर फार लिहीत नाही, कारण तिथे तुम्ही माझं ओझं वाढवलं नाहीत, उतरवलंत. रोज काहीतरी टाकलंच पाहिजे हा धाक गेला. आता मी विणतानाचे हात दाखवते, एखादा टाका उसवून पुन्हा घालतानासुद्धा. इन्स्टाग्रामवर लोक बोलायला येतात, पिंटरेस्ट या फोटोंच्या साइटवर शोधायला येतात, हा फरक तुम्ही दाखवलात. तिथे लावलेला लोकरीच्या टोपीचा फोटो थंडी तोंडावर आली की महिन्यांनीसुद्धा नवं गिऱ्हाईक घेऊन येतो. लोक काय केव्हा शोधतात ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर ती वेळ आधीच कळते, त्यामुळे टोप्या केव्हा विणायला घ्यायच्या हेही आता मी त्यावरून ठरवते. फॉलोअर्स पूर्वीपेक्षा कमी आहेत. जे आहेत ते प्रश्न विचारतात.

तुम्ही तुमच्या वेळेचे पैसे आधीच सांगितलेत आणि तेवढेच घेतलेत, हेही लिहून ठेवते. चांगुलपणा म्हणजे फुकट काम, असा अर्थ कुणी काढू नये. हाताने काम करणाऱ्या बाईला त्याची किंमत चांगली कळते.

शेवटच्या संदेशात तुम्ही विचारलं होतंत, की नुसत्या वस्तूच का, त्यांचे पॅटर्नही, म्हणजे विणायची लिहिलेली कृतीही, का नाही विकत? तर विकायचं ठरवलंय. पहिला सशाचाच आहे, त्याचे टाके मोजून तपासायला दोन मैत्रिणींना दिलेत. पानाचं शीर्षक, वर्णन, फोटोंची वर्णनं, सगळं मी एकटीने लिहिलंय. सवड झाली की वाचा आणि खटकेल ते स्पष्ट सांगा. बघण्यापुरती परवानगी आजच पाठवते. वाचायच्या वेळेचं बिल लावायला विसरू नका.

तुमची,
क्रोशावाली