ईस्टबर्नहून, बंधाऱ्याबद्दल

ईस्टबर्न,
इंग्लंड,
१२ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या गावाला धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाल्याचं तुम्ही कळवलंत, तेव्हापासून इथला किनारा तुम्हाला नीट समजावून सांगावा असं मनात घोळतंय.

आपल्यासारखी पुळण इथे नाही. भरतीच्या रेषेला सगळे गोटेच, वाळू दिसते ती ओहोटीला. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत ६ मीटरहून जास्त फरक पडतो. हे गोटे आहेत चकमकीचे, आणि ते येतात खडूच्या कड्यांतून. गावाच्या पश्चिमेला बीची हेड आहे, १६२ मीटर उंच. समुद्रावरचा एवढा उंच खडूचा कडा ब्रिटनमध्ये दुसरा नाही. सूक्ष्म शैवालांची कवचं समुद्रतळाशी कोट्यवधी वर्षं साचून हा खडक झाला, आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहायच्याही आधी. हात फिरवला की बोटं पांढरी होतात. लाटा पायथा पोखरतात, भेगांत मुरलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि वरचा भाग धाडकन खाली येतो. मग चार-दोन दिवस तिथलं पाणी ताकासारखं पांढुरकं असतं. खडू विरतो, चकमक उरते.

तिथे बेल टूट नावाचा जुना दीपस्तंभ आहे. कडा ढासळत ढासळत त्याच्या पायाशी आला, तेव्हा १९९९ साली अख्खी इमारत उचलून १७ मीटर मागे सरकवली! पुढे बर्लिंग गॅपला कड्यावर घरांची रांग होती, त्यातली काही पाडावी लागली. तिथे भिंत बांधायची नाही, कडा आपल्या गतीने मागे जाऊ द्यायचा, असं ठरलेलं आहे. घरं गेलेल्यांचं वाईट वाटतं, पण मला तो निर्णय पटतो. कडा ढासळला नाही तर नवे गोटे येणार कुठून?

आता मुद्द्याचं. इथे वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, लाटा तिरक्या येतात आणि गोटे पूर्वेकडे सरकत राहतात. ते धरून ठेवायला शहरासमोर किनाऱ्यापासून समुद्रात शिरणाऱ्या लाकडी भिंती घातल्या आहेत. प्रत्येक भिंतीच्या पश्चिमेला गोट्यांचा ढीग आणि पूर्वेला खड्डा. एका बाजूला सहज उतरता येतं, दुसऱ्या बाजूला उडी मारावी लागते. नव्वदच्या दशकात पूर्वेला बोटींसाठी नवं बंदर झालं. त्याने गोट्यांची वाटच अडवली. पलीकडे पेवेन्सीचा किनारा, त्यामागे सखल पाणथळ जमीन; गोटे संपले तर समुद्र आत शिरेल. म्हणून बंदराच्या अलीकडे साचलेले गोटे ट्रकमध्ये भरून पलीकडे नेऊन टाकावे लागतात, आणि हे कायमचंच काम आहे.

म्हणून सांगते, ग्रामसभेत एवढं जरूर विचारा: आपली वाळू पावसाळ्यात कुठल्या दिशेला सरकते आणि उन्हाळ्यात कुठे परतते, हे कोणी पाहिलंय का? बंधाऱ्याच्या टोकापलीकडे खाडीकडच्या वाडीचं काय होणार? दगड पडल्यावर विचारून उपयोग नाही.

आई, हवेचं विचारलंस. इथे वर्षभरात ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्या एकट्या जुलैएवढासुद्धा नाही, पण तो बाराही महिने थोडा थोडा पडतो. इंग्लंडच्या मानाने ऊन मात्र भरपूर. जुलै १९११ मध्ये इथे ३८३.९ तास ऊन पडलं, एका महिन्यातला तो देशाचा विक्रम आहे. डिसेंबरात चारलाच सूर्य मावळतो, तेव्हा कामावरून येताना अंधार असतो. स्वेटर आहेत, काळजी करू नकोस. समुद्र ऑगस्टातही इतका गार असतो की पाय घातला की कळ येते.

बाबा, बंधाऱ्याचा नकाशा ग्रामपंचायतीत लागला असेल तर त्याचा फोटो काढून पाठवा. आजीला नमस्कार.

तुमची,
मंजू