सीटीचा आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत

संपादक महोदय,

कोविड काळातील चाचण्यांचा विषय निघाला की चर्चा बहुधा दरांपाशी आणि अहवालाला लागलेल्या विलंबापाशी थांबते. खासगी प्रयोगशाळेत मार्च २०२० मध्ये ४,५०० रुपयांपर्यंत असलेली आरटी-पीसीआर चाचणी राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने ५०० आणि पुढे ३५० रुपयांवर आणली, हे चांगलेच झाले. परंतु हाती आलेला अहवाल वाचायचा कसा, हे लोकांना कोणी नीट सांगितले नाही.

अहवालावर छापला जाणारा सीटी हा आकडा घ्या. नमुन्यातील विषाणूची जनुकीय खूण यंत्राला दिसेपर्यंत तिच्या प्रती किती वेळा दुप्पट कराव्या लागल्या, एवढेच तो सांगतो. खूण मुळात भरपूर असेल तर ती लवकर दिसते आणि आकडा लहान येतो. २४ आणि ३५ यांत ११ फेऱ्यांचे अंतर आहे, म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे दोन हजार पटींची तफावत. मात्र ही तफावत त्या दोन रुग्णांच्या आजारात असेलच असे नाही. नाकात काडी पुरेशी आत गेली नसेल, नमुना नीट थंड ठेवला गेला नसेल, चाचणीचा संच निराळा असेल किंवा संसर्ग नुकताच सुरू झाला असेल, तरीही आकडा मोठा येतो. आणि आज ३२ आलेला माणूस दोन दिवसांनी घरभर संसर्ग पसरवू शकतो.

या आकड्यावर विसंबून उपचार ठरवू नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्येच कळवले होते. तरीही शेजारीपाजारी बारावीच्या निकालासारखी "तुमचा किती आला?" अशी चौकशी चालत असे. त्यातच छातीच्या सीटी स्कॅनचा २५ पैकी दिला जाणारा स्कोअर, जो जितका मोठा तितका वाईट, या आकड्यात मिसळला गेला, आणि काही जण विनाकारण घाबरले तर काही विनाकारण निर्धास्त झाले. खुद्द आपल्या राज्यानेही पॉझिटिव्ह ठरवण्याची ३५ ची मर्यादा २४ वर आणता येईल का, अशी विचारणा केली होती. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, परिषदेने ती अमान्य केली, कारण संसर्ग पसरवू शकणारे कितीतरी रुग्ण त्यामुळे सुटले असते. माझ्या मते हा प्रश्न विचारण्याचेही कारण नव्हते.

अँटिजेन चाचणीबाबतही तेच झाले. जून २०२० मध्ये तिला परवानगी देताना तिची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर संसर्ग असलेल्या शंभरांपैकी किती जण ती पकडते ते प्रमाण, ५०.६ ते ८४ टक्के असल्याचे परिषदेने नमूद केले होते, आणि म्हणूनच लक्षणे असूनही निगेटिव्ह आलेल्यांची आरटी-पीसीआर करणे बंधनकारक होते. प्रत्यक्षात अंगात ताप असलेला माणूसही तो निगेटिव्ह कागद दाखवून कामावर जात असे.

नमुना देताना भरायच्या अर्जात लक्षणे कधी सुरू झाली हे विचारले जात असे, पण ती तारीख अहवालावर क्वचितच दिसे. ती नमुना घेतल्याच्या तारखेशेजारी ठळक छापावी, लक्षणे असलेल्याचा अहवाल निगेटिव्ह असेल तर "फेरतपासणी आवश्यक" असे त्यावर मराठीत लिहावे आणि सीटीचा आकडा केवळ डॉक्टरांना कळवावा. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच आहे; तिच्या सल्ल्याने सार्वजनिक आरोग्य विभागाने असा नमुना-अहवाल आताच, साथ नसताना, तयार करून ठेवावा, ही विनंती.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा