धसकटांतला हरभरा

महोदय,

कोरडवाहू रानात शून्य मशागतीवर, म्हणजे न नांगरता, हरभरा घ्यायचा म्हटले की ‘नांगरल्याशिवाय मुळी खाली जाईल कशी?’ हे हमखास ऐकावे लागते. अहो, हरभऱ्याचे सोटमूळ मीटरभर सहज उतरते. त्याला हवी ओल, आणि ती आधीच्या पिकाच्या कापणीनंतर उभ्या राहिलेल्या धसकटांत जास्त टिकते. फुलोऱ्यात एखादे झाड अलगद उपटून मुळावरची गाठ फोडून पाहावी. आत गुलाबी दिसली, तर हवेतला नत्र धरण्याचे काम चालू आहे. (पाल्यावरची आंबट आंब बोटांना लागते, ते वेगळेच!) मात्र त्याच रानात लागोपाठ हरभरा नको. झाड वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी मातीत सहा वर्षेदेखील तग धरते. शिवाय हरभऱ्यामागे काडीकचरा फारसा उरत नाही, जमीन उघडी पडते. पुढचे पीक भरपूर धसकटे ठेवणारे, गहू किंवा ज्वारीच असावे.

- एक कोरडवाहू शेतकरी